बेबीताईंनी पुसलेला दगड

बेबीताईंचं वय वाढलं तरी नाव काही मोठं झालं नाही. घरातलं शेंडेफळ म्हणून लहानपणी जे 'बेबी' चिकटलं, ते केस पिकले तरी सुटलं नाही. गल्लीतल्या लोकांनी पुढे नुसतं 'ताई' जोडून त्याला थोडा मान दिला. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं लाँड्रीचं दुकान होतं आणि डाग काढण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. गंज, रक्त, चहा, गाडीचं तेल, लिपस्टिक, काहीही आणा. कोट काउंटरवर पसरला की त्या आधी डागाकडे बघायच्या, मग गिऱ्हाइकाकडे, आणि गिऱ्हाईक आपणहून खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं. लग्न त्यांनी केलं नाही, आणि का केलं नाही याचा खुलासाही कुणाला दिला नाही.

डाग दिसला की त्यांचे हात शिवशिवायचे. आणि नशीब असं, की भावजय मिळाली ती जन्मभर डाग पाडणारी.

अर्थात हे बेबीताईंचं म्हणणं. वहिनी चित्रकार होत्या. तेलकट खडूने आणि तेलकट शाईने त्या दगडावर चित्र काढायच्या आणि त्या दगडावरून ते कागदावर छापायच्या. घराच्या तळमजल्यावर बेबीताईंच्या दादाचा लेबलांचा छापखाना होता. साबणाची लेबलं, औषधाच्या बाटल्यांची, जॅमच्या बरण्यांची. नव्या यंत्रांपुढे दगडावरची छपाई टिकेना, तेव्हा दादाने धंदा आवरला आणि नोकरी धरली. पण ते मोठं लोखंडी यंत्र आणि भिंतीशी ओळीने उभे केलेले गुळगुळीत दगड त्याने विकले नाहीत. बायकोसाठी ठेवून दिले. संध्याकाळी कामावरून आला की बाह्या सरसावून तिच्या यंत्राचं चाक फिरवायला उभा राहायचा.

बेबीताईंना हे पचायला जड गेलं. ज्या दगडांवरून गुलाबाची फुलं कशी सुबक छापून यायची, त्यांच्यावरून आता काय यायचं, तर काळे ढग, ओरखडे, शिंतोडे. काळ्यात कुठे तरी राखाडी, राखाडीत कुठे तरी पांढरं. एकदा त्यांनी सरळ विचारलं, "वहिनी, हे आहे काय?"

"बघ ना तूच," वहिनी म्हणाल्या.

बेबीताईंनी बघितलं, आणि पुन्हा विचारायच्या भानगडीत पडल्या नाहीत.

पुढची सगळी वर्षं दोघींचं भांडण असं झालं नाही, पण एप्रनवरून एक चढाओढ मात्र चालली. वहिनींचे एप्रन शाईने बरबटून दुकानात यायचे. बेबीताई त्यांच्या मागे हात धुऊन लागायच्या. दोन-दोन दिवस भिजवून, घासून, पांढरेशुभ्र करून, कडक इस्त्रीची घडी घालून परत पाठवायच्या. वहिनी एक शब्द न बोलता ते घालायच्या आणि आठवडा उलटायच्या आत पुन्हा काळेकुट्ट करून पाठवायच्या. वहिनींचे हात कायम काळे असायचे म्हणून गल्लीतली मुलं त्यांना 'शाईकाकू' म्हणायची, आणि ती हाक बेबीताईंच्या कानाला टोचायची. आपण इथे बसून सगळ्या गल्लीचे डाग काढायचे आणि आपल्याच घरात ही! दादा हसायचा. म्हणायचा, तुम्ही दोघी एकमेकींशी बोलता ते एप्रनवरून, मी आपला नुसता पोस्टमन.

मग दादा आजारी पडला. लांबलेलं आजारपण होतं. तो गेल्यावर घरात दोघीच उरल्या, वहिनी खाली, बेबीताई वरच्या मजल्यावर. जिन्यात भेट झाली की विचारपूस व्हायची, दूध उरलं तर दिलं जायचं. वाकडं काही नव्हतं. जवळचंही फारसं नव्हतं.

दुकान बंद झालं ते बेबीताईंची पाठ धरू लागली म्हणून, आणि जागेच्या मालकाला ती जागा जावयासाठी हवी होती म्हणून. दोन्ही कारणं एकदमच आली, त्यामुळे कुणाला दोष देता आला नाही. पण रिकामी सकाळ म्हणजे काय असते ते त्यांना तेव्हा कळलं. घरातले स्वच्छ पडदे त्यांनी पुन्हा धुतले. मग उशांचे अभ्रे. मग पडदेच पुन्हा. वाळत घातलेल्या पडद्यांचं पाणी वहिनींच्या खिडकीवरून निथळत राहायचं, ते बघूनच बहुधा वहिनी एका सकाळी जिना चढून वर आल्या.

त्यांची अडचण वेगळीच होती. कित्येक वर्षं त्यांच्या हाताखाली काम करणारी शिष्या परगावी नोकरीला गेली होती, आणि दगडावरची छपाई एकट्या माणसाचं काम नव्हे. वर्षअखेरीला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलेलं. हे सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बेबी, तुला स्पंज मारायला जमेल का गं?"

"स्पंज?"

"दगड ओला ठेवायचा. फार नाही, कमी नाही. एवढंच."

बेबीताई काही तरी टोला हाणणार होत्या, पण हातातल्या बादलीत तिसऱ्यांदा धुतलेला अभ्रा होता. त्या मुकाट्याने खाली गेल्या.

काम त्यांना पहिल्याच दिवशी समजलं. तेल आणि पाणी यांचं पटत नाही, या एका गोष्टीवर हा सगळा कारभार उभा होता. दगडावर जिथे खडू किंवा शाई लागली तिथे तेलकटपणा दगडात मुरतो. मग डिंकाचं पाणी आणि आम्लाचे दोन थेंब लावले की तो तिथेच पक्का होतो, आणि बाकीचा दगड पाणी धरून ठेवतो. छापताना आधी ओला स्पंज, मग शाईचा रूळ. शाई तेलकट जागी बसते, ओल्या जागी बसत नाही. स्पंज कमी पडला की दगड काळवंडतो, जास्त झाला की शाई फिकी पडते. इस्त्रीच्या कपड्यावर पाणी मारण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना ही ओल बोटाला कळत होती. वहिनींनी रूळ उचलला की बेबीताईंचा स्पंज फिरून गेलेला असायचा. कागद ठेवायचा, यंत्राखालून दगड सरकवायचा, कागद एका कोपऱ्याने हळूच उचलायचा. तो दगडापासून सुटताना चर्रर असा बारीक आवाज यायचा आणि उलटा करून बघेपर्यंत दोघी श्वास रोखून धरायच्या. आपण का श्वास रोखतोय, यात आपलं काय, असा प्रश्न बेबीताईंना पहिले काही दिवस पडला. पुढे पडेनासा झाला.

चित्रांबद्दलचं मत मात्र त्यांनी बदललं नाही. छपाई एक नंबर, पण छापायचं ते हे, असं त्या मनात म्हणायच्या. आणि एप्रन आता दोन धुवायला लागायचे, त्यातला एक स्वतःचा.

चित्र काढताना मात्र वहिनींना कुणी आसपास चालायचं नाही. आतल्या खोलीचं दार लोटून त्या एकट्याच दगडापुढे बसायच्या. काढून, डिंक लावून झालं की बेबीताईंना हाक मारायच्या. त्यामुळे दगडावर चित्र होतं कसं हे बेबीताईंनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हाती दगड यायचा तो तयारच.

प्रदर्शनाची सगळी चित्रं होत आली, एक सोडून. सगळ्यात मोठ्या दगडावरचं. दोघींनी मिळून ढकलगाडीवरून सरकवायचा म्हटलं तरी धाप लागेल असा तो दगड. वहिनी त्याच्यापुढे बसायच्या, काढायच्या, वैतागायच्या, आणि मग दोघी बसून वाळूची पूड आणि पाणी टाकून, वरून दुसरा लहान दगड गोल गोल फिरवत तो घासून पुन्हा कोरा करायच्या. असं कितीदा झालं. वहिनी म्हणायच्या, हात शहाणा झालाय, सगळं त्याला आधीच ठाऊक असतं, मला काही करूच देत नाही. बेबीताईंना यातलं ओ की ठो कळलं नाही, पण घासायला त्यांची ना नव्हती. दगड कोरा होताना बघणं त्यांना आवडायचं. ते त्यांच्या ओळखीचं काम होतं.

त्यातच वहिनींची दाढ दुखायला लागली. त्यांनी अंगावर काढली, लवंग धरली, गाल सुजवून घेतला, आणि शेवटी एका सकाळी दातांच्या डॉक्टरांकडे जायचं कबूल केलं. त्या सकाळी बेबीताई चहा द्यायला खाली गेल्या तेव्हा मोठ्या दगडावर खडूच्या चार-पाच रेषा होत्या. बारीक, नीटस, एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेल्या. बेबीताईंना त्या बऱ्याच आवडल्या. चला, या वेळेस काही तरी सरळ काढतेय, असं वाटून त्या वर गेल्या.

दुपारी त्या झाडू घेऊन खाली आल्या तेव्हा वहिनी डॉक्टरांकडे गेलेल्या होत्या आणि आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. बेबीताईंनी आत डोकावलं. शाईची बाटली दगडाशेजारी आडवी पडलेली. टेबलावर ओघळ. आणि त्या नीटस रेषांवरून, दगडाच्या जवळजवळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, शाईचं काळंभोर थारोळं सांडलेलं.

वहिनींची सगळी मेहनत वाया जाणार, ही पहिली गोष्ट त्यांच्या डोक्यात आली. दुसरी ही, की डाग अजून ताजा आहे.

त्यांनी बाह्या सरसावल्या. टर्पेंटाइन घेतलं, जुने मऊ कपडे घेतले. डाग नेहमी बाहेरून आत पुसायचा, नाही तर पसरतो. त्यांनी कडेपासून सुरुवात केली आणि लहान लहान गोल घेत आत आत सरकत गेल्या. कपडा काळा झाला की बदलायचा. रेषांना धक्का लागू नये म्हणून त्यांच्या भोवतीने बोटाच्या टोकाने, अलगद. मध्यावर आल्या तेव्हा त्यांना शाईत बोटांचे माग दिसले, लांब ओढलेले, शेजारी शेजारी चार. त्यांचा हात थबकला. मग वाटलं, बिचारीने घाईघाईत सावरायचा प्रयत्न केला असणार. आणि त्या पुढे भराभर पुसत सुटल्या. संपलं तेव्हा पाठ मोडून आली होती, पण दगडावर चार-पाच रेषा आणि पुसट राखाडी पडद्याखेरीज काही उरलं नव्हतं. असं काम आपल्या दुकानातही क्वचितच झालं असेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

वहिनी आल्या तेव्हा त्यांचा अर्धा चेहरा बधिर होता आणि तोंडात कापसाचा बोळा होता. तरी डोळ्यांत चमक होती. त्या चपला काढायच्या आधी आतल्या खोलीकडे वळल्या. बेबीताई मागोमाग गेल्या, शाबासकी घ्यायला.

वहिनी दगडापुढे उभ्या राहिल्या. मग बोळा गालात सरकवून म्हणाल्या, "बेबी, हे कोनी पुशलं?"

"मी," बेबीताई म्हणाल्या. आणि म्हणताक्षणी त्यांना सगळं कळलं. थारोळं सांडलेलं नव्हतं. ती बोटं सावरायला फिरलेली नव्हती. दाढेच्या ठणक्यात, डॉक्टरांकडे जायच्या घाईत, त्या शहाण्या हाताला विचार करायला वेळच मिळाला नव्हता, आणि इतके दिवस जे येत नव्हतं ते आलं होतं. आणि आपण ते पुसलं होतं, बाहेरून आत, एकही कण न ठेवता.

वहिनींना रागवायचं होतं. खूप काही बोलायचं होतं. पण जीभ वळेना. "तू... तुया... अशं कशं..." एवढंच त्यांच्या तोंडून बाहेर पडत राहिलं, लाळ गळायला लागली, त्यांनी रुमाल धरला, आणि मग त्या स्टुलावर बसून रडायला लागल्या. बेबीताईंना पाण्याचा पेला आणावा की दूर व्हावं ते कळेना. त्यांनी पेला आणून ठेवला आणि त्या दूर झाल्या.

पुढचे काही दिवस घरात शांतता होती, पण जीव घाबरा करणारी. बेबीताई दुधात कुस्करलेला पाव, मऊ उकडलेला बटाटा, गार खीर असं काय काय डब्यात घालून वहिनींच्या दाराशी ठेवायच्या. डबा रिकामा परत यायचा, धुतलेला. तेवढ्यावर त्या दिवस ढकलत होत्या. झोपताना आपले हातच त्यांना परके वाटायचे. गल्लीत ज्यांची वाहवा झाली ते हात.

शेवटी त्यांनाच राहवलं नाही. त्या खाली गेल्या आणि दारातच उभं राहून म्हणाल्या की दगड मी एकटी घासून देते, तू हातही लावू नकोस, आणि पुन्हा तुझ्या खोलीत मी पाऊल टाकणार नाही.

वहिनींचा गाल उतरला होता. आवाजही परत जागेवर आला होता. त्या म्हणाल्या, "घासायचा कशाला? आधी छापून बघू."

"काय छापणार? काही राहिलंच नाही त्यावर."

"डोळ्याला राहिलं नाही. दगड किती प्यायलाय ते कुठे माहितेय आपल्याला?"

वहिनींनी डिंक आणि आम्ल त्या दिवशी संध्याकाळीच लावून ठेवलं होतं, रडून झाल्यावर. का लावलं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. सवयीने लावलं, म्हणाल्या. दोघींनी मिळून दगड यंत्रावर चढवला. बेबीताईंनी स्पंज फिरवला. खात्रीसाठी दोनदा फिरवला. वहिनींनी रूळ फिरवला, आणि पुन्हा, आणि पुन्हा. आधी त्या खडूच्या रेषा आल्या. मग त्यांच्या मागून, तळ्याच्या तळाशी काही हलावं तसं, वहिनींचं थारोळं वर यायला लागलं. काळं नाही, राखाडी. आणि त्याच्यावर, कडेपासून आत आत येत गेलेले, एकात एक अडकलेले, कपड्याचे गोल. शेकडो गोल. कपड्याची वीणसुद्धा कुठे कुठे उमटली होती.

कागद उचलला गेला. चर्रर झालं. वहिनींनी तो तारेवर टांगला आणि त्या पाच पावलं मागे गेल्या.

बेबीताईंना लाज वाटली. जणू कुणी आपल्याला खिडकीतून काम करताना पाहिलं होतं आणि त्याचा फोटो काढला होता. त्या बघायला तयार नव्हत्या. पण बघितल्याशिवायही राहवेना. कडेचे गोल कसे ऐटीत होते, सगळे एकाच मापाचे, दुकानात शिकलेले. मध्याशी ते तुटले होते. तिथे कपडा टेकून थांबल्याची एक गडद जागा होती, आणि तिच्यापुढे सगळे गोल लांबट, घाईचे, एकमेकांवर पडलेले.

"इथे मी घाबरले होते," त्या म्हणाल्या. बोट कागदाला न लावता त्यांनी ती जागा दाखवली. "तुझी बोटं दिसली मला. वाटलं, थांबावं. मग थांबले नाही."

वहिनी नुसतं बेबीताईंकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण कुठच्या कुठे गेला.

"माझं तसं सगळ्यात चांगलं होतं गं ते," मग म्हणाल्या. "ते गेलं. त्याचं मला वाईट वाटणारच. पण हे वाईट नाहीये."

त्या दिवशी बेबीताई वर जायला निघाल्या आणि जिन्यात थांबल्या. जिन्याच्या वळणावर वहिनींचं एक चित्र काच लावून टांगलेलं होतं, कैक वर्षांपासूनचं. येता-जाता त्यांनी ते हजारदा पाहिलं होतं, म्हणजे पाहिलं नव्हतं. एक रुंद काळा पट्टा डावीकडून निघून वर गेलेला, आणि खाली कोपऱ्यात एक धुरकट ठसा. तो ठसा बेबीताईंना काचेवरची धूळ वाटायचा. दर आठवड्याला त्या फडकं मारायच्या आणि तो जात नाही म्हणून चरफडायच्या. आज त्यांनी तो काळा पट्टा बोटाने हवेत गिरवून पाहिला. हात वर जाता जाता एका जागी जड होत होता. तिथे शाई दाट होती. तिथून पुढे पट्टा वर गेलाच नव्हता, नुसता रुंद होत विरला होता.

त्या परत खाली गेल्या. "जिन्यातलं चित्र कधीचं गं? तू काढताना मध्येच थांबलीस का?"

वहिनी रूळ पुसत होत्या. त्यांनी तो खाली ठेवला. मग सांगितलं, की ते दादाच्या आजारपणातलं. त्याला चाक फिरवणं होत नव्हतं, पण खाली येऊन बसायचा हट्ट करायचा. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. त्या पट्टा ओढत होत्या आणि तो उठायला गेला. तोल गेला, त्याने दगडावर हात टेकला, वहिनींनी ब्रश सोडून त्याला धरलं. तळहाताला घाम असतो, तेल असतं, ते दगडात उतरलं. छापलं तेव्हा कोपऱ्यात आलं.

"खरवडलं असतं तर गेलं असतं," वहिनी म्हणाल्या. "नाही खरवडलं."

"दादाचा हात आहे तो?"

"हो."

"आणि मी दर आठवड्याला..." बेबीताई थांबल्या. त्यांना हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यावर दुसरीकडेच वळलं. वहिनींनी स्टूल पुढे केलं. "सांगायचं तरी," बेबीताई डोळे पुसत म्हणाल्या.

"तू विचारलं नाहीस. आणि तो पोस्टमन पण राहिला नव्हता."

मग बऱ्याच वेळाने दोघींनी चहा केला आणि भिंतीला लावून ठेवलेली जुनी चित्रं एकेक बाहेर काढली. प्रत्येक चित्र बघून बेबीताई काही तरी सांगायच्या. इथे तू चिडली होतीस. इथे मजा येत होती. हे उगीच, हे तुझं तुलाच आवडलेलं नाही. काही बरोबर निघायचं, काहींवर वहिनी हसायच्या. एका काळ्या ढगाळ चित्रात बेबीताईंना भयंकर दुःख दिसलं, ते वहिनींनी कुठल्याशा सहलीहून परत आल्यावर, भरपेट जेवून काढलेलं निघालं. तेव्हा बेबीताई म्हणाल्या, मग अपचन झालं असेल.

पुसलेल्या दगडावरून छापलेलं चित्र प्रदर्शनात लागलं. वहिनींनी त्याच्याखाली 'पुसलेलं' एवढंच लिहिलं. बेबीताईंचाही उल्लेख करायचा त्यांचा विचार होता, पण बेबीताईंनी साफ नकार दिला. गल्लीत कळलं की बेबीताईने शाईचा डाग पुसायला घेतला आणि तो गेला नाही, तर इतक्या वर्षांची अब्रू जायची, असं त्यांचं म्हणणं. उद्घाटनाला मात्र त्या इस्त्रीचा कोट घालून गेल्या आणि दिवसभर त्या चित्राच्या आसपासच घुटमळल्या. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी त्यांना कुणी जाणकार समजून विचारलं की यात नेमकं काय घडतंय. बेबीताई म्हणाल्या, "आधी सांडलं, मग पुसलं." गृहस्थांनी डोळे मिटून मान हलवली आणि ते वाक्य शेजारच्या बाईंना जाऊन सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य दालनभर फिरून, बरंच वजनदार होऊन, वहिनींच्या कानावर आलं. वहिनींना हसू आवरेना. त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

प्रदर्शनानंतर वहिनींनी बेबीताईंपुढे एक लहानसा दगड आणि खडू ठेवला. काढ, म्हणाल्या. बेबीताईंनी मनावर घेऊन काढलं. पहिल्या दिवशी घडी घातलेला शर्ट आला, शाळेतल्या मुलाने काढावा तसा. दुसऱ्या वेळेस त्यांनी ठरवून गोल काढले, तर ते बांगड्या मांडून ठेवल्यासारखे दिसले. एकदा शाई ओतूनही पाहिली. ओतली तर ती ओतल्यासारखीच दिसली. वहिनी सांगायच्या, हाताला विचारू नकोस, करू दे त्याला. बेबीताई म्हणायच्या, माझा हात विचारल्याशिवाय काही करत नाही, त्याला तसंच वळण लावलंय मी. प्रत्येक दगड घासताना मात्र त्या खूश असायच्या. शेवटी त्यांनीच खडू परत केला.

"मला काढायचं नाहीये वहिनी," त्या म्हणाल्या. "मला स्पंज मारायला आवडतं. आणि आलेलं बघायला. तेवढं पुरे आहे की."

"पुरे आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांनी आग्रह केला नाही.

आता त्या दोघी दोन स्वयंपाकघरं कशाला, या विचाराला लागल्या आहेत. वहिनींचं म्हणणं खालचं ठेवावं, कारण दगडाशी असलं की मध्येच उठून भाजी ढवळता येते. बेबीताईंचं म्हणणं वरचं ठेवावं, कारण खालच्या प्रत्येक भांड्याला टर्पेंटाइनचा वास आहे आणि मिठाच्या डब्यात एकदा वाळूची पूड निघाली होती. त्यावर वहिनी म्हणतात, एकदाच निघाली. हा वाद सकाळी चहाला सुरू होतो. कामाला बसल्यावर, एकीच्या हातात रूळ आणि दुसरीच्या हातात स्पंज असताना, तो चालूच राहतो, कागद उचलायची वेळ येईपर्यंत. तेवढ्यापुरत्या दोघी गप्प होतात.